गार फरशीवरची पंगत

भाचीच्या लग्नासाठी मी केलेल्या यादीत एकोणसत्तर कामं होती. वऱ्हाड उठवणं हे काम त्यात नव्हतं.

लग्न टोकावड्याजवळच्या आमच्या गावात, मे महिन्यात, भर दुपारी. भावाला मुरबाडमधला एसीचा हॉल हवा होता. मीच हट्टाने त्याला गावच्या सभागृहावर आणलं, कारण सभागृहाच्या समितीवर मी आहे आणि तिथली फरशी माझ्या पाठपुराव्याने झाली आहे. फरशीखाली प्लास्टिकच्या नळ्यांची वेटोळी आहेत. छतावरच्या सौर पॅनेलवर चालणारा छोटा पंप विहिरीचं पाणी त्या नळ्यांतून फिरवतो आणि परत विहिरीत सोडतो. कोळशाच्या विजेवरचा एसी नाही, डिझेलचा जनरेटर नाही, धूर नाही, घरघर नाही. "तुझ्या व्याह्यांना घामाचा थेंब येणार नाही," असं मी भावाला सांगितलं होतं. ते अगदी खरं ठरलं आणि तिथेच घोटाळा झाला.

शहापूरहून आलेलं वऱ्हाड रीतीप्रमाणे पहिल्या पंगतीला बसलं. सभागृहात एका वेळी एकच पंगत मावते. चार दिवस राबलेलं आमचं गाव बाहेर मांडवात थांबलं. नवरा-नवरीची ताटंही दुसऱ्या पंगतीला होती. नवऱ्याने फोटोच्या निमित्ताने मित्रांबरोबर काहीतरी खाऊन घेतलं होतं. भाची मात्र सकाळपासून उपाशी.

वऱ्हाड पोटभर जेवलं, हात धुऊन आलं, आणि परत आत गेलं. नवऱ्याची आई, आमच्या विहीणबाई, फरशीला तळवा लावून म्हणाल्या, "पाच मिनटं पाठ टेकते." शेजारी नवऱ्याच्या मोठ्या काकांनी खांद्यावरचा टॉवेल उशाला घेतला. पाव तासात सगळं वऱ्हाड दोन रांगांत, भिंतीकडे पाय करून, गाढ झोपलं होतं.

"उठव त्यांना," भाऊ म्हणाला.

"मी? मुलीकडच्यांनी वऱ्हाडाला उठा म्हणायचं?"

"मग फरशी कुणी घातली?"

दोघांनाही ठाऊक होतं. एकदा 'उठा' म्हटलं, की ते भाचीला शहापुरात पुढची वीस वर्षं ऐकवलं जाणार. म्हणून मी आडमार्गाने सुरुवात केली. दाराजवळ पातेली आपटायला लावली. बँडवाल्यांना एक जोरदार गाणं वाजवायला सांगितलं. काका तालावर कूस बदलून पुन्हा घोरू लागले. बसच्या ड्रायव्हरला हॉर्न वाजवायला लावला. काका डोळे न उघडता म्हणाले, "वाजू दे रे. गाडी आपलीच हाय, कुठं जाते?"

मी पंप बंद केला. वीस मिनिटांनी फरशीला हात लावला, तर तितकीच गार. मग नळ्या बसवणाऱ्या इंजिनिअरला फोन केला.

"फरशीत गारवा साठून राहतो मॅडम. पंप बंद केला तरी संध्याकाळपर्यंत टिकेल. हीच तर खासियत आहे."

"गरम कशी करायची?"

"मे महिन्यात?"

"आत्ता."

मग त्याने आठवण करून दिली, की जानेवारीतल्या सकाळच्या सभांसाठी त्याच नळ्यांतून छतावरच्या सोलर हीटरचं पाणी सोडता येतं. मागच्या भिंतीवरचा लाल व्हॉल्व्ह फिरवायचा, पंप चालू करायचा. "पण तासभर लागेल. आणि होईल नुसती कोमट."

मी व्हॉल्व्ह फिरवला.

तो तास मी मांडवात काढला. आचारी म्हणाला, "ताई, भात दुसऱ्यांदा वाफवलाय. आता पेजच वाढायला लागंल." आमचे एक चुलते म्हणाले, "आमी आत जाऊन त्यांच्या मधी झोपू काय? जेवण नाय तर नाय, गारवा तरी खाऊ." भाची खुर्चीवर पांढरीफटक पडून बसली होती. मी तिला लिंबू सरबत दिलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले.

आधी काका उलटे झाले. मग त्यांच्या शेजारचे. हळूहळू सगळी रांग तव्यावरच्या भाकऱ्यांसारखी उलटली. विहीणबाई उठून बसल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

"मला कणकण वाटतेय गो."

"मला पण," काका मान चाचपत म्हणाले. "जिलबी नडली."

मग एकेक जण आपापलं कारण घेऊन वाऱ्यासाठी बाहेर आला. कुणाला झोप बाधली होती, कुणाला वरण. फरशीवर कुणाचाच संशय गेला नाही.

मी ताबडतोब गाव आत घेतलं, पत्रावळ्या मांडल्या, वाढप सुरू केलं. पंप पुन्हा विहिरीच्या पाण्यावर टाकला होता. पण फरशी गारव्यासारखीच ऊबही धरून ठेवत होती. एरवी आमचं गाव जेवायला तास लावतं. त्या दिवशी पंधरा मिनिटांत लोक ताकापर्यंत पोहोचले.

नवऱ्याच्या आणि माझ्या मध्ये बसलेली भाची कुजबुजली, "आत्या, फरशी तापलीय गो."

"गप जेव."

तिच्या मुंडावळ्यांखालून घाम गळत होता. तेवढ्यात दारात विहीणबाई उभ्या दिसल्या. त्या सरळ आमच्याकडेच आल्या. माझा घास हातातच राहिला. त्यांनी वाकून भाचीच्या कपाळाला हात लावला, आणि मागे वळून आपल्या माणसांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बघा, हिला पण कणकण. माझीच प्रकृती हाय हिची. पोटची लेक पण एवढी सारखी नाय निघत."

मग त्या तिच्याशेजारी मांडी घालून बसल्या आणि हातपंख्याने तिला वारा घालू लागल्या. भाचीने आणखी एकदा भात मागितला.

"आत्याबाई," विहीणबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुमाला पण घाम फुटलाय. तुमाला पण तसंच होतंय काय?"

"थोडंसं," मी म्हणाले.

त्यांनी पंखा जरा माझ्याकडेही वळवला.