धागा तुटला की लूम थांबतो

जुना कॅमेरा घेऊन फिल्मवर फोटो काढायला शिकणाऱ्यांनो, एखादा फोटो मोबाइलवरही काढत जा.

गेल्या आठवड्यात निजामपुऱ्यातले आमचे कापड विणायचे लूम भंगारात गेले. त्याच्या आदल्या दिवशी मी काकांच्या जुन्या कॅमेऱ्यात माझा पहिलाच रोल भरला. अख्खी शिफ्ट फोटो काढले. चालते लूम, तुटलेला धागा सांधणारे बाबा.

बाबा म्हणाले, "मोबाइलवर पन काढून ठेव."

मी म्हटलं, "त्यात मजा नाही, बाबा."

आज दुपारी रोल धुऊन मिळाला. पूर्ण कोरा! लॅबवाला म्हणाला, "भाई, फिल्म अंदर पकडी ही नहीं थी." भरताना तिचं टोक फिल्म गुंडाळणाऱ्या चकरीत अडकलंच नव्हतं. फिल्म जागची हलली नाही आणि मी दिवसभर बटण दाबत राहिलो.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं. त्यांनी ती पट्टी खिडकीच्या उजेडात धरली, कापडातला दोष बघायचे तशी.

"धागा तुटला का आपला लूम लगेच थांबतो. याला तसं काय न्हाय?"

"नाही."

"बरं. मंग उद्या परत काढ," बाबा सवयीने बोलून गेले.

लूम तर गेलेत, हे आठवलं तसं त्यांनी ती पट्टी गुंडाळून माझ्या हातात दिली.