बाबांच्या रक्तातली चरबी आणि माझं शिक्षण

आधीच माफी मागतो. माझ्यासारख्यानं लिहावं असं काही नाही. पण आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे मी बोलेन ते खरं, असं मोहाडीजवळच्या आमच्या गावात ठरून गेलं होतं. पुढचं सगळं त्यामुळेच झालं.

आमचे बाबा बिडी ओढत. काका मोहाची दारू पीत. दोघंही एकमेकांच्या व्यसनाला नावं ठेवत, त्यामुळे घरात एक प्रकारची शांतता होती.

त्या वर्षी धान कापताना बाबांच्या छातीत कळ आली. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, "रक्तात चरबी वाढली आहे. बिडी सोडा, नाहीतर हृदयाचं काही खरं नाही." बाबा घरी आले आणि बिडी पेटवून विचार करू लागले.

मी दिवाळीच्या सुटीत गेलो तर मायनं दारातच गाठलं. "माझं कोनी आयकत नाई. तू शिकलेला आहेस बापू, तूच सांग त्याईले!"

मी कॉलेजच्या लायब्ररीतलं पुस्तक घेऊन ओसरीवर बसलो. (बी.एस्सी.चं पहिलं वर्ष! छाती फुगली होती.)

"बाबा, रक्तात एक चांगली चरबी रायते, एक वाईट. बिडीनं चांगली कमी होते."

"चरबीतबी चांगली रायते काय गा?" बाबा चकित झाले.

"आन दारूनं?" काकांनी कोपऱ्यातून विचारलं.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण पुस्तकात होतं ते लपवायचं कसं? "दारूनं... ते चांगली जराशी वाढते मनून लिवलं आहे."

बाबा आणि काकांनी एकमेकांकडे पाहिलं. वीस वर्षांत पहिल्यांदाच इतक्या प्रेमानं!

"मंजे बिडीनं धानाच्या बांधीतलं पानी उतरते," बाबा म्हणाले, "आन दारूनं चढते. दोन्ही संग ठेवलं तं धानाले पानी बरोबर!"

"तसं नाही, बाबा..."

"तसं नाई तं कसं? सांग ना!"

पुढचं पान मी वाचलंच नव्हतं. (ते परीक्षेला नव्हतं.)

संक्रांतीला घरी आलो तर ओसरीवर बाबा नाक दाबून दारू पीत होते आणि काका बिडी ओढून खोकून खोकून लाल झाले होते.

"हे काय जी, काका?"

"औषध!" काका खोकत म्हणाले. "बरं झालं आलास. एका पेल्याले बिड्या किती, थे लिवलं नाई काय पुस्तकात?"

शेजारचा दौलतही हेच विचारायला येऊन बसला होता! माय चुलीपुढून ओरडली, "एकाची बिडी सोडवाले बोलावलं होतं तुले. तू तं दुसऱ्यालेबी लावली!"

आठवड्यानं बाबांच्या छातीत पुन्हा कळ आली. आता काकांच्याही! मी दोघांना घेऊन डॉक्टरांकडे गेलो. या वेळी दोघांचंही रक्त तपासलं. बाबांचा अहवाल आधीपेक्षा वाईट होता.

"दारूनं रक्तातली दुसरी चरबी चढते," डॉक्टर म्हणाले, "आणि बिडी रक्तवाहिन्या खराब करते. एकानं दुसरं फिटत नाही. दोन्हींचा भार एकाच हृदयावर पडतो."

"मंजे बांधीचे दोन्ही धुरे फुटले, पानी वाहून गेलं," बाबा पुटपुटले.

"हा उपाय तुम्हाला सांगितला कोणी?"

दोघांनी अभिमानानं माझ्याकडे बोट दाखवलं.

"काय शिकता?"

"बी.एस्सी., पहिलं वर्ष."

"पूर्ण करा," डॉक्टर म्हणाले.

तेही जमलं नाही. उन्हाळ्यात निकाल लागला आणि मी रसायनशास्त्रात नापास झालो. घरी कोणतं तोंड घेऊन जाऊ? भंडाऱ्यात कॉलेजसाठी घेतलेल्या खोलीवरच पडून राहिलो. शेवटी दौलत शोधत आला.

"घरी चाल गा! तुया मायनं पेढे वाटले."

"कायचे?"

"तू नापास झाला ना, त्याचे! बाबानं आन काकानं देवापुढं शपथ घेतली होती, पोट्टा पास होयपर्यंत बिडीले आन दारूले हात नाई लावाचा. चार महिने झाले, दोघंबी ठणठणीत आहेत."

"माय काय म्हणाली?"

"मनली, पोरगं हुशार आहे माझं. अजून दोन-तीन वर्सं सहज काढन!"

घरच्यांचा माझ्यावर इतका विश्वास कधीच नव्हता.