खव्याचा वास

त्या तीन गोट्यांचा मला भयंकर राग होता. प्लास्टिकच्या तीन नळ्या, प्रत्येकीत एक गोटी, आणि तोंडात धरायला पाइप. श्वास आत ओढला की गोट्या वर जायला हव्यात. माझी पहिली गोटी जराशी हलायची आणि परत बुडाशी जाऊन बसायची. बाकीच्या दोन्ही जागच्या हलायच्या नाहीत. आणि समोर उभी राहून फिजिओथेरपीची पोरगी टाळ्या वाजवायची. "अरे वा आजी, मस्त!"

माझी पन्नाशीसुद्धा झालेली नव्हती. आजी! आणि मस्त काय त्यात? उकळत्या दुधाची कढई एकटीनं उतरवणारी बाई मी, आणि ही मला गोटी हलली म्हणून शाबासकी देणार. बोलायला दम असता तर मी तिला चांगलं सुनावलं असतं.

कोरोनात मला जिल्ह्याच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर ठेवलं होतं. पुढं ऑक्सिजन सुटला, रिपोर्टही चांगला आला, पण संडासापर्यंत चालत जाता येईना. अशांसाठी वेगळा वॉर्ड केलेला होता. तिथं औषध कमी आणि कवायत जास्त. उठा, बसा, पालथं झोपा, भिंतीला धरून चाला, बोटाला चिमटा लावा, आता परत गोट्या. व्हरांड्याच्या टोकाला खिडकी होती, तिथवर जाऊन यायचं. मी अर्ध्यातच भिंतीला टेकायची आणि छाती भात्यासारखी वरखाली व्हायची. ती पोरगी म्हणायची, "घाई नाही, आजी." तिला कुठली घाई असणार? घाई मला होती.

कळंबकडच्या आमच्या गावात आमची खव्याची भट्टी आहे. कढईवर मी उभी राहायची आणि धाकटी जाऊ भट्टीच्या तोंडाशी बसून लाकडं सारायची. दूध आटत आलं की एक वेळ अशी येते, की तेव्हाच जाळ ओढावा लागतो. आधी ओढला तर खवा ओलसर राहतो, मागाहून ओढला तर खाली लागतो. ती वेळ डोळ्यांना दिसत नाही, वाफेच्या वासावरून कळते. वास आला की मी म्हणायची, "काढ." मग जाऊ लाकडं बाहेर ओढायची. इतकी वर्षं झाली, पण हा वास कसा असतो ते मी तिला एकदाही सांगितलं नाही. का सांगावं? घरात मला जो मान होता, तो त्या एका शब्दाचा होता.

मी दवाखान्यात असल्यापासून कढईवर ती उभी होती. नवरा फोनवर म्हणायचा, "तू नगं काळजी करू, तिनं समदं सांभाळलंय." हे ऐकलं की माझ्या अंगाची लाही व्हायची. सांभाळलंय म्हणे.

त्यात एक दिवस काय झालं, फरशी पुसणाऱ्या बाईनं फिनेल ओतलं आणि शेजारच्या खाटेवरची म्हातारी ओरडली, "अगं, वासानं डोस्कं उठलं की माझं!" मी श्वास ओढून पाहिला. काहीच नाही. उशाचा साबण नाकाला लावला. काहीच नाही. डब्यातल्या आमटीला, स्वतःच्या घामाला, कशालाच वास नव्हता. इतके दिवस धाप लागण्यापुढं माझ्या ते ध्यानातच आलं नव्हतं. त्या दिवशी मी खरी घाबरले. पाय येतील, दम येईल, पण नाक आलं नाही तर मी कढईवर उभी राहून करणार काय? फिजिओच्या पोरीनं विचारलं, "वास येतो ना?" मी म्हटलं, "येतो." घरच्यांना कळू द्यायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. जावेला तर मुळीच नाही.

आणि नेमकी तीच आली. जीपनं आली, तोंडाला पदर, हातात स्टीलचा डबा. माझी तब्येत विचारायच्या आधीच डबा उघडून माझ्यापुढं धरला.

"अक्का, सकाळचाच हाय. वास घिऊन सांगा, जमलाय का?"

मला वाटलं, ही खिजवायला आलीय. बघा, तुमच्यावाचून काही अडलं नाही, असं दाखवायला. मी डबा हातात घेतला, नाकाशी नेला, डोळे मिटून लांब श्वास घेतला. खोकला आला तो गिळला. एक चिमूट तोंडात टाकली. मऊ होतं, जरा गोड होतं, बाकी तोंडात माती धरावी तसं.

"जाळ बराबर हाय," मी म्हटलं. "दूध तेवढं पातळ घेतलंस."

तिनं मोठा सुस्कारा सोडला. तेवढ्यात पोरगी गोट्या घेऊन आली. मला मोठेपणा दाखवायची हौस. "घे, आमच्या भट्टीचा हाय," म्हणत मी डबा तिच्यापुढं केला. तिनं मास्क खाली ओढून खडा तोंडात टाकला आणि तोंड वाकडं केलं.

"आजी, हा करपलाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिनं मुद्दाम करपलेला आणला, माझी परीक्षा घ्यायला! मी जावेकडं वळले, आणि शिवी ओठांवरच राहिली. ती डब्यात नाक खुपसून हुंगत होती. परत हुंगली. मग खडा तोंडात टाकून चघळत राहिली आणि माझ्याकडं बघत राहिली.

पोरगी पुढच्या खाटेकडं गेल्यावर मी विचारलं, "कवापासनं वास न्हाय तुला?"

"तुमाला दवाखान्यात आणलं त्याच्याबी आधीपासनं. म्हनूनच आले की. म्हनलं, अक्काला तरी कळंल."

"आन इतके दिस असला माल घातलास? पेढेवाला काय म्हनला?"

"काय न्हाय म्हनला. त्यालाबी कोरोना येऊन गेलाय."

दुसरं कुणी असतं तर हसलं असतं. मी तिच्या अंगावर डबा भिरकावला. खवा फरशीवर सांडला, तो तिनं निमूट पुसून घेतला. जाताना दारातून म्हणाली, "तुमचंबी मी कुनाला सांगत न्हाय." त्या सांत्वनाचा मला जास्त संताप आला. त्या संध्याकाळी मी कुणी न सांगता पाइप तोंडात धरला आणि रागारागानं श्वास ओढला. दुसरी गोटी हलली. टाळ्या वाजवायला पोरगी तिथं नव्हती, ते बरंच झालं.

मी घरी आले. डॉक्टर म्हणाले होते, धुराजवळ जायचं नाही. मी तोंडाला ओलं फडकं बांधलं आणि कढईवर उभी राहिले. सुरुवातीला आम्ही भीतीनं जाळ लवकर ओढायचो. खवा ओलसर निघायचा आणि बोलणी खावी लागायची. मग एका सकाळी भट्टीच्या तोंडाशी बसलेली जाऊ एकदम ताठ झाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. धुरानं असेल म्हणून मी उलथनं फिरवत राहिले. ती म्हणाली, "अक्का, वास आला." आणि मला न विचारता तिनं लाकडं ओढली. खवा माझ्या हातचा असावा तसा उतरला. इतकी वर्षं माझ्या प्रत्येक "काढ"बरोबर तोच वास तिच्याही नाकात जात होता, हे मला तेव्हा कळलं.

माझा वास अजून आलेला नाही. आता येईल असं वाटतही नाही. दूध घालायला आलेली माणसं भोवती उभी असतात, त्यांच्या लेखी भट्टी माझीच आहे. पण "काढ" हा शब्द आता माझ्याकडं नाही. ती "काढते, अक्का" म्हणते आणि काढते. मुद्दाम उशीर केला तरी मला कळायचं नाही, आणि हे तिला पक्कं माहीत आहे. म्हणून रोज लाकडाला हात घालायच्या आधी ती सगळ्यांदेखत एकदा माझ्या तोंडाकडं बघते, परवानगी मागावी तशी. मी तिला मनातल्या मनात शिव्या देते, आणि मलाही वास आलाय अशी मान हलवते.