गच्चीचा कठडा

वालचंदनगरला आमच्या शेजारी राहणारे ज्यू काका शनिवारी कसल्याच कामाला हात लावत नाहीत. माझ्या इंदापूरच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला ते आले, गच्ची बघून उतरले आणि पेढा हातातच धरून बसले.

"कठडा कुठं हाय?"

"पुढच्या वर्षी बांधू, काका."

"आमच्या तोरा ग्रंथात हुकूमच हाय, नव्या घराला कठडा पायजे. माणूस पडायला वर्षभर थांबतंय व्हय?"

शनिवार गेला आणि रविवारी सकाळीच काका गवंडी घेऊन दारात उभे राहिले. मला तेव्हा रागच आला होता.

परवा वाळवण घालताना आईला चक्कर आली. ती कठड्यावर रेलली, म्हणून वाचली. मी काकांच्या पाया पडायला वाकलो, तर त्यांनी अर्ध्यातच धरून मला उभं केलं.

"उंची पुरली न्हवं?" एवढंच विचारलं.