कात्रीबाईने कापलेली शांतता

स्टुडिओत तिला तोंडावर बाई म्हणत आणि पाठीमागे कात्रीबाई. हातात मात्र तिच्या कात्री कधी नसे, दाढीचं पातं असे. ध्वनिफितीचं रीळ ती दोन्ही हातांनी मागेपुढे फिरवायची, गायकाने श्वास घेतला ती जागा कानाने धरायची, तिथे तिरपा छेद द्यायची आणि दोन्ही टोकं चिकटपट्टीने जोडायची. जोड कुणाला सापडत नसे.

"बाईंच्या हाती दिलं तर आमच्या ह्यांचं घोरणंसुद्धा अंगाई होऊन येईल," कोरसमधली एक म्हणायची. सगळे हसत. बाई हसत नसे.

ती ज्यू घरातली. वडील शिंपी होते आणि त्यांच्या लोकांच्या छोट्या प्रार्थनाघरात पुढे उभं राहून प्रार्थना म्हणायचे. दुकानात ओठांत टाचण्या धरलेल्या असत, त्यामुळे तिथे ते नुसतंच गुणगुणत. शब्द कळायच्या आधी चाली अशा तिच्या अंगात मुरल्या. पण प्रार्थनाघरात पुढे उभं राहायचा मान पुरुषांचा. मुलगी मागे बायकांत बसे आणि गळा दाबून म्हणे. दाबलेला गळा एक दिवस रंगमंचावर जाऊन मोकळा झाला.

"देवाचं देणं बाजारात मांडलंस," वडील म्हणाले. दोन वर्षं बोलले नाहीत. पण तिच्या कार्यक्रमाचे झगे तेच शिवत. माप घ्यायलाही बोलावत नसत, नजरेनेच बेतत, आणि आईच्या हाती पाठवून देत.

नाव होतंय न होतंय तोच गळ्यात गाठ आली. शस्त्रक्रियेने गाठ गेली आणि जाताना आवाज घेऊन गेली. मग ती स्टुडिओतल्या काचेच्या अलीकडे, यंत्रांपाशी येऊन बसली. निर्माती झाली. गाणी निवडायची, वादक जमवायची, गाणाऱ्यांना घासूनपुसून घ्यायची. स्वतःचा आवाज गेलेल्या माणसाला दुसऱ्याच्या आवाजातला कण खुपतो, तसं तिचं झालं. दम लागणं, खोकला, चाचरणं, काही म्हणून ती राहू देत नसे.

वडील थकले. आई आधीच गेली होती. प्रार्थनाघरात पुढे उभं राहणारं दुसरं कुणी नव्हतं, तरुण माणसं घरं बंद करून लांबच्या देशांत गेली होती. वडिलांचे धाकटे भाऊ, तिचे काका, एकदा तिच्याकडे आले.

"दादाच्या मागे ही चाल कोण सांगणार, पोरी? तुझ्या यंत्रात धरून ठेव. ऐकून ऐकून आम्ही शिकू कुणीतरी."

तिला वाटलं, देवाने आपल्याला मागच्या बाकावरून उठवून पुढे बोलावलं.

वडील स्टुडिओत आले ते इस्त्रीचा कोट घालून. काचेपलीकडे एकटेच उभे राहिले. जन्मभर तिने त्यांचा आवाज माणसांच्या गलबल्यातून ऐकला होता, आज पहिल्यांदा तो सुटा कानावर आला. म्हातारा, पण सुरात. फक्त मधेच ते थांबत. ओठ हलत, आवाज नाही. पुन्हा म्हणू लागत, पुन्हा थांबत. तिला वाटलं, बाबा विसरायला लागले.

"थकलात का?" तिने माइकवरून विचारलं.

"थकायला काय झालं? मी काय एकटा म्हणतोय?" ते म्हणाले.

म्हातारपणाचं बोलणं समजून तिने ते सोडून दिलं.

एरवी ती आधी नक्कल काढून मगच पातं लावी. हे घरचं काम होतं, जीव लावून करायचं, नकलेत आवाज जरा फिका पडतो तेवढाही नको, म्हणून मूळ फितीलाच हात घातला. बापाला कुणी विसरभोळा म्हणू नये एवढीच तिची इच्छा. सगळी अडखळ वेचून काढली. शांततेचे तपकिरी तुकडे टेबलाखाली पडले, आणि सकाळी झाडूवाल्याने ते इतर कचऱ्यात भरून नेले. प्रार्थना अखंड झाली, धुतल्यासारखी.

वडिलांनी ती ऐकली नाही. त्याआधीच गेले.

महिना उलटल्यावर साध्या वारी प्रार्थनाघरात माणसं जमली. शनिवारी त्यांच्यात यंत्राला हात लावत नाहीत. तिने टेप सुरू केला. पुढच्या रिकाम्या जागेवर वडिलांचा आवाज उभा राहिला आणि काकांचे डोळे भरले. पहिली ओळ संपली. काकांनी आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर आवाज पुढच्या ओळीवर गेलेला. धावत गाठलं, तोवर तो तिसरीवर. एकेकाने म्हणायचं सोडलं. फक्त टेप म्हणत राहिला.

वडील जिथे थांबत, तिथे लोक म्हणत. लहानपणापासून त्या गलबल्यात तीही होती. पण काचेपलीकडे गलबला नव्हता, म्हणून तिला ती जागा ओळखू आली नाही.

"दादा जन्मभर आमच्यासाठी थांबला," काका म्हणाले. "आता नाही थांबत."

"मी कोरी फीत जोडून देते. बाबा कुठे किती थांबायचे ते सांगा, काका."

काकांनी डोळे मिटले, बोटांनी गुडघ्यावर ताल धरला, पुन्हा पहिल्यापासून धरला. मग मान हलवली. "मोजून कधी बघितलंय कुणी? तो थांबला की आम्ही म्हणायचो. आमचं झालं की तो म्हणायचा."

त्या दिवसापासून तिने टेप बोटाने थांबवायला सुरुवात केली. ओळ संपली की बटण दाबायचं, काकांच्या ओठांकडे बघायचं, ओठ मिटले की सोडायचं. दर वेळी आवाज खालून, कण्हत वर यायचा, आजारी माणसाला उशीला धरून उठवावं तसा. चाल कुणाला आली नाही. उत्तर देणारे एकेक कमी होत गेले, कुणी मुलांकडे गेलं, कुणी जमिनीत. शेवटी काकाही गेले.

तरी ती साध्या वारी जाते. टेप लावते. ओळ संपते, बटण दाबते. बघायला आता ओठ नाहीत. कधी सोडायचं ते तिला उमगत नाही, बोट तसंच दाबलेलं राहतं.

परवा दाराशी चावी घेऊन उभा असलेला राखणदार म्हणाला, "झालं का, बाई? दिवे घालवू?"

"थांब जरा," ती म्हणाली. "सगळ्यांचं अजून म्हणून व्हायचंय."