ऋतुजाचं पान

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंनाही नाही — आणि त्यांच्यापासून मी दुसरं काहीच लपवलेलं नाही, त्यांच्या ठेवणीतल्या साडीला माझ्या हातून इस्त्रीचा डाग पडला होता तोसुद्धा त्याच दिवशी कबूल केला होता. सात वर्षं झाली. यंदा एप्रिलमध्ये मी निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात जो तो उठून माझ्या नजरेचं कौतुक करत होता. बाईंच्या नजरेतून एकही पोर सुटत नाही, असं. मी मान खाली घालून हसत होते. सगळ्यांना वाटलं, बाई लाजल्या.

तुम्ही मला ओळखत नाही, ते बरं आहे. नावं मी बदलली आहेत. बाकी काही बदललेलं नाही.

आधी शाळा सांगते. मुद्द्यावर यायचं टाळतेय का मी? असेन. पण शाळा कळल्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही.

कराडला लागून मलकापूर आहे. तिथून थोडं पुढे, उसाच्या दोन फडांच्या मधे, एका बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये आमची शाळा सुरू झाली. विनाअनुदानित, मराठी माध्यमाची, कुठल्याही मोठ्या संस्थेची नाही. मोठ्या बाई, आम्ही चार शिक्षिका आणि हट्टाला पेटलेले काही पालक, एवढंच भांडवल. पहिली दोन वर्षं पाऊस पडला की भिंतींना कोंबड्यांचा वास यायचा आणि पोरं ‘कुकूच्कू’ करून वर्ग डोक्यावर घ्यायची. जूनमध्ये पालक येऊन पत्रे ठोकून द्यायचे. पंधरा ऑगस्टची कवायत दोन निवृत्त फौजी घ्यायचे आणि पहिलीतल्या पोरांना असं काही दरडावायचे की पोरं घाबरायच्या ऐवजी खुदुखुदू हसायची. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जात, आणि मधल्या सुट्टीनंतर अर्ध्या वर्गाची हनुवटी चिकट असे. मला ती शाळा फार आवडायची. अजून आवडते. घरच्यांपेक्षा जास्त आवडायची, असं आमचे हे म्हणतात, आणि मी ते कधी खोडून काढलेलं नाही.

आमच्याकडे टक्के नव्हते. म्हणजे सरकारी कागदांपुरते होते, पण खरा निकाल वेगळा. वर्षाच्या शेवटच्या दिवशी प्रत्येक मुलाला त्याच्या बाईंनी हातानं लिहिलेलं एक पत्र मिळायचं. मोठ्या बाईंचा त्यात एकच नियम होता — जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेच लिहायचं. ‘गुणी आहे’, ‘मनमिळाऊ आहे’ असलं लिहिलेलं पत्र त्या सरळ परत करत. काय केलं पोरानं, कुठं केलं, तू कुठं उभी होतीस? सांग. त्यासाठी आम्ही प्रत्येकीनं वही ठेवलेली. एका मुलाला एक पान. वर्षभरात जे दिसेल ते दोन ओळींत टिपायचं.

आणि ते पत्र शेवटच्या दिवशी घरातल्या मोठ्या माणसानं सगळ्यांसमोर उभं राहून वाचायचं. काही आज्यांना वाचता यायचं नाही, मग नातच कानात सांगायची आणि आजी मोठ्यानं म्हणायची. हसू यायचं, रडू यायचं. नंतर मसालेभात आणि जिलबीची पंगत. वर्षातला तो दिवस मला दिवाळीपेक्षा मोठा वाटायचा.

माझी वही शाळेत गाजलेली. मोठ्या बाई नव्या शिक्षिकांना ती दाखवायला न्यायच्या. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षीच्या डिसेंबरात एका नव्या मुलीनं आपल्या वहीत ‘शांत व समंजस’ असं लिहिलेलं मी पाहिलं आणि सगळ्यांदेखत तिला म्हणाले, “शांत तर भिंतही असते गं.” बिचारीचे डोळे भरून आले होते. मला माझं वाक्य आवडलं होतं. हे सांगायलाच हवं ना? त्याशिवाय पुढचं कसं कळेल?

एप्रिलमध्ये मी पाचवीची पत्रं लिहायला बसले. अठ्ठावीस मुलं. सत्तावीस पत्रं झाली. मग ऋतुजाचं पान उघडलं — आणि ते कोरं होतं. एक ओळ नव्हती.

ऋतुजा तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसायची. दोन घट्ट वेण्या, वह्यांना खाकी कव्हरं, गृहपाठ पूर्ण. वडील फौजेत, तेव्हा दूर उत्तरेला. आजोबा निवृत्त हवालदार — आमच्या कवायतीच्या दोघा फौजींपैकी एक, त्यांना सगळी शाळा आबाच म्हणायची. पोरगी वर्षभर माझ्या डोळ्यांसमोर होती. मी डोळे मिटून बसले, आठवायचा प्रयत्न केला. वेण्या आठवल्या. कव्हरं आठवली. दुसरं काही आठवेना.

त्या वर्षी माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, हे खरं आहे. पण ते इथे धरू नका. बाकीच्या सत्तावीस जणांना मी पाहिलंच होतं की.

यातून वाटही होती, आणि ती मला माहीत होती. पान कोरं राहिलं तर मोठ्या बाईंना सांगायचं. मग त्या पोराच्या घरी जायचं आणि म्हणायचं, मला तुमची मुलगी दिसली नाही, चूक माझी, मला आठ दिवस द्या. सुट्टीत तिच्यासोबत आठ दिवस घालवायचे आणि मग पत्र द्यायचं. आदल्याच वर्षी आमच्यातल्या एकीनं असं केलं होतं. कुणी तिला नावं ठेवली नाहीत. उलट त्या घरी अजून तिचा पाहुणचार होतो. पण ती ती होती. मी ‘भिंत’ म्हणणारी बाई. माझ्याच वहीत कोरं पान निघतं तर त्या नव्या मुलीपुढे मी कुठल्या तोंडानं उभी राहिले असते?

मग मी मागचं पान उलटलं. पल्लवीचं.

पल्लवीची आई एसटीत कंडक्टर. पोरगी आईसारखीच — गर्दीत कोण उभं आहे, कोण बसलंय, हिला बरोबर कळायचं. तिचं पान इतकं भरलेलं की समासातही लिहिलं होतं. त्यात जुलैमधली एक नोंद होती. कवठे महांकाळहून बदली होऊन आलेल्या कुटुंबातली पहिलीतली एक चिमुरडी डब्याला हात लावायची नाही, नुसती रडायची. पल्लवी रोज तिला पाण्याच्या टाकीमागच्या पायरीवर घेऊन बसायची. भाकरीचे तुकडे ओळीनं मांडायची, पुढचा ट्रॅक्टर, मागच्या दोन ट्रॉल्या, आणि म्हणायची, “चला, ऊस कारखान्यात चालला!” कारखाना म्हणजे त्या पोरीचं तोंड. तीन आठवडे असं चाललं होतं. टाकीमागचं सहसा कुणाला दिसायचं नाही, फक्त शिक्षिकांच्या खोलीच्या खिडकीतून दिसायचं, आणि खिडकीत मी होते. ती चिमुरडी दिवाळीत वडिलांच्या बदलीबरोबर सांगलीला निघूनही गेली होती.

पल्लवीकडे एवढं आहे, एक गेलं तर काय बिघडतं? असा विचार मी खरोखर केला. शब्दाला शब्द असाच. आणि माझ्या चांगल्या अक्षरात ते ट्रॅक्टर, त्या ट्रॉल्या, ती पायरी, सगळं ऋतुजाच्या नावावर लिहून टाकलं.

शेवटच्या दिवशी आबा उठले. इस्त्रीचा सदरा, छाती पुढे. पत्र वाचायला लागले आणि ट्रॅक्टरपाशी आल्यावर त्यांचा आवाजच फुटेना. ज्या माणसाच्या एका हाकेवर मैदान गप्प व्हायचं, तो माणूस चष्मा काढून पुसत बसला. “थांबा,” म्हणाले, “वाचतो. वाचतो की.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पल्लवीकडे पाहिलं. तिनं ऋतुजाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आणि मग सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

तुम्हाला वाटेल, झालं, हीच ती कबुली. नाही. इथवरचं मी कधीतरी मोठ्या बाईंना सांगूही शकले असते. पुढचं नसतं सांगता आलं.

पंगत बसली होती. मी हात धुवायला टाकीपाशी गेले, त्याच पायरीजवळ. मागून ऋतुजा आली. आजूबाजूला कुणी नव्हतं. तिनं फ्रॉकची कड दोन्ही हातांनी धरली होती आणि अंगठे पांढरे पडले होते.

“बाई,” ती म्हणाली, “ते मी नव्हतं केलं. पल्लवीनं केलेलं.”

दहा वर्षांची पोर. आजोबांच्या डोळ्यांतलं पाणी तिनं पाहिलं होतं. सगळ्या शाळेनं तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या, बहुतेक आयुष्यात पहिल्यांदा. ते सगळं घेऊन ती मला परत द्यायला आली होती. मला फक्त ‘हो गं’ म्हणायचं होतं. दोनच तर शब्द. म्हणायचं, माझी चूक झाली, चल, आपण दोघी मिळून सांगू.

मी म्हणाले, “असं कसं? तूच होतीस. मी पाहिलंय ना माझ्या डोळ्यांनी.”

आणि तिच्या गालावर हात फिरवला. प्रेमानं. हो — तेव्हाही प्रेमानंच. तेच तर मला सहन होत नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. खरं काय ते तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हेही तिला कळत होतं. मग “बरं” म्हणाली आणि पंगतीत जाऊन बसली. तिच्या पानातली जिलबी तशीच राहिली होती, ते मी वाढताना पाहिलं.

संध्याकाळी तिच्या वडिलांचा फोन आला. आबांनी पत्राचा फोटो पाठवला होता. ते म्हणाले, “बाई, पत्र सगळ्या दोस्तांना वाचून दावलं. हितं लय थंडी हाय, पण आज न्हाई वाजली बघा.” मी म्हणाले, पोरगी आहेच तशी.

जून उजाडला. नवी पहिली आली, रडारड सुरू झाली. आणि ऋतुजा मधल्या सुट्टीत आपला डबा घेऊन टाकीमागच्या पायरीवर जायला लागली. रोज एका रडक्या पोराला शेजारी बसवायची आणि भाकरीचे तुकडे मांडायची. तिला ते पल्लवीसारखं जमायचं नाही. ट्रॅक्टरचा आवाज काढताना लाजायची. पण वर्षभर तिनं ते सोडलं नाही, पुढच्या वर्षीही नाही. मी खिडकीतून बघायची. वहीत लिहायचीसुद्धा — तारखेनिशी! आणि स्वतःला सांगायची, बघ, चांगलंच झालं की. तुम्हीही कदाचित तेच म्हणाल. पोरगी माझं खोटं खरं करत बसली होती आणि तिचा खेळ, तिची खिडकीजवळची जागा, तिचं स्वतःचं जे काही असेल ते मी तेव्हाही पाहिलं नाही.

निवृत्तीनंतर गेल्या महिन्यात मी आबांना भेटायला गेले. आता थकलेत. बाहेरच्या खोलीत त्यांच्या पदकांच्या शेजारी ते पत्र फ्रेम करून लावलंय. शाई थोडी उडाली आहे, माझी सही मात्र ठळक आहे. आबा म्हणाले, “आवं बाई, ह्यो कागद मी रोज वाचतो. औषीद घ्याच्या आदी.” मी फ्रेमसमोर उभी राहिले. काय करणार होते? पाठ फिरवून उभी राहायला जागा तरी होती का?

ऋतुजा चहा घेऊन आली. साताऱ्याला बारावीची परीक्षा देऊन सुट्टीला आलेली. वेण्या गेल्या, केस आखूड झालेत. आबा पान खायला उठून आत गेले तेव्हा तिनं कप माझ्या हातात दिला आणि हलक्या आवाजात म्हणाली, “बाई, आबांना सांगू नका.”

एवढंच. रागानं नाही. ती मला समजावत होती, मोठी बहीण समजावते तसं. सात वर्षं तिनं ते एकटीनं सांभाळलं होतं, आबांसाठी. माझ्यासाठीही असेल. “नाही सांगत,” मी म्हणाले. चहा चांगला झाला होता, मी तो सगळा प्यायले.

घरी आल्यावर ती जुनी वही काढली. पल्लवीचं पान काठोकाठ भरलेलं. पल्लवी आता नर्सिंगला जाणार आहे, मला भेटली की वाकून नमस्कार करते, आणि तो विषय तिनं कधीच काढलेला नाही. पुढचं पान ऋतुजाचं. सात वर्षांनी कागद पिवळा झालाय, पण कोरा आहे.

त्या वर्षी मी ऋतुजाला पाहिलंच नाही, असं इतकी वर्षं मी धरून चालले होते. ते खरं नाही. एकदा पाहिलं होतं. शेवटच्या दिवशी, पाण्याच्या टाकीपाशी, मी दोन पावलांवर उभी होते. तिनं फ्रॉकची कड घट्ट धरली होती आणि मला म्हणाली होती, “बाई, ते मी नव्हतं केलं.” मोठ्या बाईंच्या नियमात चोख बसणारी नोंद होती ती. अख्ख्या वर्षातली, सगळ्या वहीतली सगळ्यात मोठी. लिहायला दोन ओळी लागल्या असत्या.

मी त्या लिहिल्या नाहीत.