गॅलनला बारा मैल

मुंबईतल्या आमच्या गावकरी मंडळाच्या खोलीवर हल्ली जो तो विचारतो, बोटीची ओकारी नको, मोटारीने मालवण गाठता येतं का? येतं. तीन दिवस लागतात, हाडं खिळखिळी होतात आणि पेट्रोलचा विचार मनात आला की भूक मरते. मी जाऊन आलोय, म्हणून 'मंडळाच्या अंकात लिही' असा हुकूम झाला. शिक्षण माझं चौथीपर्यंत. शुद्धलेखन संपादकांनी बघावं, रस्त्याची जबाबदारी माझी.

आमच्या शेटकडे लढाईनंतरच्या लिलावात घेतलेली एक अमेरिकन पिकअप होती. पुढे तीन माणसं ऐसपैस बसतील अशी केबिन, मागे उघडा हौदा, सहा सिलिंडरचं इंजिन. दिसायला राजा, प्यायला त्याहून मोठा राजा. गॅलनला आठ मैल. शेट म्हणायचे, "ही गाडी नाही, घरजावई आहे. नुसती बसून पिते." एके दिवशी त्यांनी भंगारवाल्याला बोलावलं.

मी त्यांच्या गोदामात गाड्यांच्या खाली झोपणारा माणूस. लायसन काढून दोन वर्षं झाली होती, पण चाक कधी हातात आलं नव्हतं. शेटच्या बाकीच्या दोन लॉऱ्यांना जुने ड्रायव्हर होते आणि दोघांची तब्येत ठणठणीत होती. माझ्या नशिबात गाडी असेल तर ती हीच. ती भंगारात गेली की मी जन्मभर खालून तेल झेलणार. तोंडातून निघून गेलं, "शेट, मी बारा मैल काढून दाखवतो."

शेट हसले. मालवणात एका भाताच्या गिरणीचं यंत्र तातडीने पोचवायचं होतं. एरवी त्यांचा सगळा माल विजयदुर्गच्या गलबतातून जायचा. त्या गलबताचा तांडेल, म्हणजे कप्तान, माझा सख्खा काका, आबा. पण गलबत वाऱ्याचं ऐकतं आणि गिरणीवाल्याला घाई होती. शेट म्हणाले, "घेऊन जा. जाताना नाहीतर येताना, एकदा तरी बारा दे. दिलेस तर गाडी राहील आणि चाक तुझं. नाहीतर भंगारवाला आहेच."

आठ दिवस मी त्या गाडीशी संसार केला. मागची चाकं जॅकवर उचलून फिरवली तर फिरेनात, ब्रेक कायमचे घासत होते. ते सोडवले. हवेची जाळी काढली, तिच्यात अर्धा शेर तरी माती होती. ती रॉकेलने धुतली. प्लग घासले, कार्बोरेटरचा स्क्रू कानाने ऐकत ऐकत बसवला, टायरात हवा भरली. मग वजन कमी करायला निघालो. मागचं लोखंडी बंपर, हौद्यातला बाक, दोन फुकटच्या साखळ्या, सगळं काढून ठेवलं. मैल मोजणारं चक्र लढाईतच मेलं होतं, वेगाचा काटा तेवढा जिवंत होता. शेट म्हणाले, "रस्त्यावर दगड आहेत की. मोज."

निघायच्या सकाळी हौद्यात गिरणीचं यंत्र, बाकी हलकी फुलासारखी गाडी घेऊन मी आमच्या गावकऱ्यांच्या खोलीखाली आलो, सोबतीला मसुऱ्याच्या सदाला घ्यायला. बघतो तर दारात अर्धा मालवण तालुका उभा.

"मेल्या, गाडी गावाक जाता आणि अर्धी रिकामी? लाज वाटता काय?"

"पेट्रोल जास्त लागतं रे," मी म्हणालो.

"पेट्रोल गाडी पिता. तू कित्याक रडतंस?"

आपल्याकडे गावाला जाणाऱ्या माणसाला गाठोडं देणं हा हक्क, ते नाकारणं हा गुन्हा, आणि त्याची शिक्षा आईला गावात भोगावी लागते. दोन ट्रंका, शिवणाचं मशीन, पत्र्याचे ताव, एक सायकल, उलटी घातलेली खाट, आणि सगळ्यावर सदाच्या बहिणीचा पाळणा. त्यावर ताडपत्री टाकली तर गाडीवर देवळाचं शिखर उभं राहिलं. मी काढलेलं बंपर तेवढं कोणी पाठवलं नाही.

पहिला दिवस ठाणे, मुंब्रा, पनवेल, पेण, महाड. रस्ता महाडपर्यंत बरा आहे. सदाच्या हातात खडू होता. प्रत्येक मैलाच्या दगडाला तो दाराच्या आतल्या बाजूला एक रेघ मारायचा आणि गाव आलं की गावाचं नाव लिहायचा. महाडला खानावळीत जेवण एक रुपया, माशाचा तुकडा हवा असेल तर सव्वा. तुकडा घ्या, पण आधी बघून घ्या.

दुसऱ्या दिवशी कशेडीचा घाट. चढताना गाडी म्हातारीसारखी दर वळणावर कण्हत होती आणि मला पेट्रोलचा थेंब न् थेंब जाताना ऐकू येत होता. उतार लागला तसं मी इंजिनच बंद केलं. फुकटचे मैल! सदा रेघ मारायची सोडून वेतोबाला गाऱ्हाणं घालायला लागला. तिसऱ्या वळणावर ब्रेकमधून धूर आला, चौथ्यावर एक बैलगाडी आली. गाडीवान उतरून, कमरेवर हात ठेवून म्हणाला, "दादा, बैल पण उताराला दमानं घेतात." वाचकांना सांगणं एवढंच, उताराला इंजिन बंद करू नका. वाचलेल्या पेट्रोलपेक्षा नवस महाग पडतात.

चिपळूण, मग संगमेश्वर. आणि संगमेश्वर ओलांडल्यावर चमत्कार झाला. दगड भराभर यायला लागले. सदाचा खडू थांबेना.

"गाडयेक दम इलो रे!" सदा म्हणाला.

"इंजिन मोकळं झालं," मी मोठ्या मेकॅनिकच्या तोंडाने म्हणालो. "माझा स्क्रू."

दगड नवेकोरे होते, पिवळ्या डोक्याचे. आकड्याखाली काहीतरी बारीक लिहिलेलं होतं, पण ते वाचायला थांबलो असतो तर गाडी पुन्हा उचलायला पेट्रोल गेलं असतं. हातखंबा, लांजा, राजापूर, खारेपाटण, तळेरे. तिसऱ्या दिवशी दुपारी कणकवली, कसाल करत मालवणात उतरलो. गिरणीवाल्याच्या हवाली यंत्र केलं, गाठोडी ज्याची त्याला वाटली, पंपावर टाकी काठोकाठ भरली. वाटेतलं धरून एकतीस गॅलन. सदाच्या रेघा तीनशे सत्तर. दोघांनी तीनदा भागाकार केला. जवळजवळ बारा!

मी धावत तार ऑफिसात. एकच शब्द पाठवायचा होता, 'बारा'. तारमास्तरने चष्म्यावरून बघितलं. "बारा? कोण गेलं?"

"कोण नाही. गाडी राहिली."

घरी आबा आला होता. त्याचं गलबत विजयदुर्गाला माल भरायची वाट बघत होतं, म्हणून चार दिवस मोकळा. चहाची कपबशी घेऊन तो गाडीभोवती फिरला, दार उघडून सदाच्या रेघा वाचल्या आणि एका जागी बोट ठेवलं.

"राजापूर ते तळेरे बत्तीस?"

"होय आबा. मोजून."

"मेल्या, गलबत राजापूरच्या खाडयेत सोडून मी कितीदा चलत इलंय. वीस मैल. पयल्या कोंब्याक निघालंय तर दिवस बुडताना तळेरे. हे वरचे बारा खंयसून हाडलंस? सरकारान राजापूर मागे ढकलल्यान काय?"

सदा माझ्याकडे बघायला लागला, मी सदाकडे. मग सदा हळूच म्हणाला, "त्या दगडांर खाली बारीक लिवलेला होता."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मास्तरांनी उलगडा केला. सरकारने मैल काढून किलोमीटर आणलेत, दगड टप्प्याटप्प्याने बदलतायत. आमच्या चमत्काराला सरकारी मंजुरी होती. संगमेश्वर ते तळेरे मी किलोमीटर मोजले आणि मैल म्हणून खाल्ले. खरा रस्ता तीनशे वीस मैल. म्हणजे गॅलनला दहा. आणि तार तर गेलेली.

आईने केलेलं बांगड्याचं तिखटजाळ तिकलं मला त्या दिवशी गवतासारखं लागलं. आता येतानाचे बारा खरे काढायचे, नाहीतर शेटसमोर खोटं बोलायचं, नाहीतर गाडी भंगारात. मी ठरवलं, परत जाताना सुपारीचं खांडसुद्धा घेणार नाही. रिकामी गाडी, एकटा जीव.

आबा म्हणाला, "रिकामी गाडी मुंबैक? माका लोक काय म्हणतले?" आणि अंगणात तांदळाची पोती, नारळ, आमसुलांचे डबे, वालांची गाठोडी येऊन पडायला लागली. मी कपाळाला हात लावला.

"वजनाक भियतंस?" आबाने विचारलं. "येताना ताडपत्री कशी होती?"

"फडफडत होती. पाळण्यावरून."

तो बराच वेळ हसला. "वाऱ्याच्या तोंडार शीड उभारून तीनशे मैल इलंस! तुका इंजिनान नाय, देवान हयसर हाडल्यान."

मग त्याने स्वतः गाडी भरली, गलबत भरतो तशी. पोती तळाला, पुढच्या बाजूला, फटीत नारळ कोंबून, कुठे हलायला जागा नाही. हौद्याच्या कडेच्या फळीच्या वर एक बोटसुद्धा काही नाही. वरून ताडपत्री ताणली आणि आपल्या गलबताच्या दोराने अशी बांधली, की टिचकी मारली तर मृदुंगासारखी वाजेल. एका आजीबाईंची केरसुणी वर राहात होती. "केरसुणी हातात धरून जा," म्हणाला, "वर नाय."

विजयदुर्गाला जायला तो तळेऱ्यापर्यंत माझ्या शेजारी बसला. सदा मसुऱ्याला राहिला होता. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला गाडी हाकायला शिकवत होतं, आणि त्या माणसाला गिअर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं.

"चढ म्हणजे लाट. चढार इल्यार जोर लावतंस कित्याक? जोर आधी घी."

"आबा, मागून एसटी हॉर्न देते."

"जांव दी तिका. तिका पगार आसा."

तीस मैलाचा वेग, ना कमी ना जास्त. इंजिनाचा आवाज असा झाला, जसा कोणी जेवून सुपारी चघळतोय. तळेऱ्याच्या नाक्यावर चहा घेतला. आबाने चहा बशीत ओतला, फुंकला आणि गाडीकडे बघत म्हणाला, "असल्या गाडयांनी बारा मैल दिले तर आमच्या गलबतात माल कोण भरतलो?"

मी विचारलं, "मग तू बांधून कशाला दिलंस?"

"बांधूक येता ता बांधलंय," तो म्हणाला, आणि विजयदुर्गाच्या एसटीत चढला.

परतीला दगड मोजले नाहीत. रस्ता तीनशे वीस, मास्तरांनी कागदावर लिहून दिलं होतं. मुंबईत पोचलो तो थेट पंपावर. वाटेतलं धरून सव्वीस गॅलन. मी पंपवाल्याला पुन्हा बघायला लावलं. सव्वीसच. गॅलनला बाराच्या वर, तेही वजनासकट!

शेटच्या पेढीवर उभा राहून मी सगळं सांगितलं. तारेतलं बारा खोटं होतं, दगड बदललेत, पण आजचं बारा खरं आहे, पंपवाल्याला विचारा. शेटने वहीतून मान वर केली नाही.

"गाडी तर तार आली त्याच दिवशी ठेवली," ते म्हणाले. "गलबतवाल्याला कळवलंसुद्धा. पुढचा सगळा मालवणचा माल आता तूच नेणार. किल्ली राहू दे तुझ्याकडे."

किल्ली माझ्या हातातच होती. म्हणजे वाऱ्याविरुद्ध शीड उभारून, किलोमीटर खाऊन मी जे बारा काढले, त्यांनीच निकाल लागला. आणि आबा तळेऱ्याला चहा फुंकत होता तेव्हा त्याच्या गलबताचा माल बंद झाल्याचं पत्र विजयदुर्गाला त्याच्या आधी पोचलेलं होतं.

पंधरा दिवसांनी दुसरी खेप. हौद्यात चहाच्या पेट्या, साखर, खिळ्यांचे डबे, सगळा तो माल जो एरवी समुद्रातून जातो. तळेऱ्याच्या नाक्यावर आबा उभा, काखेत वळकटी. मी गाडी थांबवली. उतरायचं धाडस होईना.

"तुझी तार हयपर्यंत पावली," तो म्हणाला.

तो गाडीला एक फेरी मारून आला, मी बांधलेली गाठ दोन बोटांनी उचलली. "ही काय गाठ? चपलेचो बंद." सोडली. पुन्हा ताणून बांधली, चारी कोपरे, निवांत. मग केबिनमध्ये येऊन बसला.

"खंय जातलंस, आबा?"

"मालवणाक. माल माझो आसा. बरो पोचता काय बघूक होयो."

कसालच्या चढाच्या अलीकडे तो एवढंच म्हणाला, "आता घी जोर."

हे मी मुंबईत, गोदामात बसून लिहितोय. चार खेपा झाल्या. गाडी साडेबारा देते, शेट खूश आहेत, लॉऱ्यांचे दोन्ही जुने ड्रायव्हर माझ्याशी बोलत नाहीत. मोटारीने जाणाऱ्यांनी टायरात हवा बघावी, ब्रेक घासतात का बघावं, तिशीच्या वर जाऊ नये आणि दगडावरचं बारीक अक्षर वाचावं. गाठोडी मी नेईन, नाही म्हणायची माझी छाती नाही, पण फळीच्या वर काही चालणार नाही, पाळणा तर नाहीच. आणि तळेऱ्यानंतर केबिनमध्ये एकच जागा मोकळी असते. दुसरी आबाची. दर खेपेला तो तिथे उभा असतो, दर खेपेला माझी गाठ सोडतो. मी मुंबईत ती त्याच्यासारखीच बांधायला बघतो. अजून जमलेली नाही. जमेल त्या दिवशी तो नाक्यावर काय करेल, हे मला कळत नाही, म्हणून फार घाई करत नाही.